व्हायाचा उरलेला स्टब: आधी लेयर बदला, मग ड्रिलचं बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. तांब्याच्या १६ लेयरचा, २.४ मिमी जाडीचा सर्किट बोर्ड. टॉपवर एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी चिप), टॉपवरच कनेक्टर, आणि दोन्हींच्या मध्ये २५ गिगाबिटच्या ८ लेन, प्रत्येक लेनला पाठवण्याची एक आणि घेण्याची एक ट्रेसजोडी. सगळ्या जोड्या तिसऱ्या लेयरवरून नेल्या आहेत. बोर्ड बनवणाऱ्यांनी कोटेशनमध्ये बॅकड्रिलचे, म्हणजे लेयर जोडणाऱ्या भोकांचा (व्हायांचा) निरुपयोगी भाग मागून ड्रिलने काढण्याचे, वेगळे पैसे लावले. हे खरंच लागतं का, की सॉफ्टवेअरमधून वापरात नसलेली पॅड (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकत्या) काढली की भागतं?

पॅड काढून भागत नाही. आणि बॅकड्रिलही बहुधा लागणार नाही, या जोड्या तिसऱ्या लेयरवरून उचलून चौदाव्या आणि बाराव्या लेयरवर टाकल्यात तर. लेआउट अजून हातात आहे, तेवढ्यात हा बदल करा. बोर्ड बनून आल्यावर हाच बदल फार महाग पडतो.

आता कारण सांगतो. आरपार व्हाया म्हणजे पहिल्या लेयरपासून सोळाव्यापर्यंत तांब्याचा मुलामा दिलेलं भोक. तुमचा सिग्नल टॉपवरून आत शिरतो आणि जेमतेम ०.३ मिमी खाली तिसऱ्या लेयरवर बाहेर पडतो. खालची २.१ मिमी नळी कुणाच्याच कामाची नाही, पण ती सिग्नलला जोडलेली आहे. तोच स्टब. सिग्नलचा काही भाग त्या नळीतून खाली जातो, टोकाला उघडा शेवट असल्यामुळे जसाच्या तसा परत फिरतो आणि तिसऱ्या लेयरवर मूळ सिग्नलला येऊन मिळतो. ज्या वारंवारतेला ही जाण्यायेण्याची वाट बरोबर अर्ध्या तरंगलांबीएवढी भरते, तिथे परत आलेली लाट मूळ लाटेच्या नेमकी उलट असते. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि पुढे जवळजवळ काहीच जात नाही. हाच खड्डा. नळाखाली उभी बाटली भरताना आवाज चढत जातो, कारण आतली हवेची नळी आखूड होत जाते. स्टबचं गणित तेच: नळी जितकी लांब, तितका हा सूर खाली येतो आणि तुमच्या सिग्नलच्या पट्ट्यात घुसतो.

कच्चा हिशोब सोपा आहे. ७५ ला स्टबच्या मिलिमीटरमधल्या लांबीने भागा, मग बोर्डाच्या मटेरियलच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या (त्यात सिग्नल किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्याच्या) वर्गमूळाने भागा. उत्तर गिगाहर्ट्झमध्ये येतं. इथे एक चूक अनेकजण करतात: लॅमिनेटच्या (बोर्डाच्या मटेरियलच्या) डेटाशीटवरचा आकडा जसाच्या तसा घालतात. व्हायाच्या भोवतीचं विद्युतक्षेत्र आडवं, म्हणजे काचेच्या कापडाच्या दिशेने पसरलेलं असतं, आणि त्या दिशेला स्थिरांक उभ्या दिशेपेक्षा जास्त असतो. शिवाय प्रत्येक प्लेनची (ग्राउंड किंवा पॉवरच्या सलग तांब्याची) कड आणि प्रत्येक पॅड नळीवर कपॅसिटन्सचं ओझं टाकतं. म्हणून मी कच्च्या हिशोबात डेटाशीटच्या आकड्यात पंचवीस-तीस टक्के वाढवून घेतो. ३.५ च्या मटेरियलला ४.५ धरतो. वर्गमूळ २.१२.

तुमचा स्टब २.१ मिमी. ७५ भागिले २.१ भागिले २.१२, म्हणजे साधारण १६.८ गिगाहर्ट्झ. २५.७८ गिगाबिटच्या लेनची नायक्विस्ट वारंवारता, म्हणजे बिटच्या वेगाच्या निम्मी, १२.९ गिगाहर्ट्झ. म्हणजे खड्डा सिग्नलच्या अगदी उशाला आहे. तो १६.८ वर असला तरी त्याची उतरण १२.९ च्या खूप आधीच सुरू होते. प्रत्येक लेनला असे दोन व्हाया, मध्ये एसी कपलिंगचे कपॅसिटर टॉपवर असतील तर आणखी दोन, आणि सगळ्यांचे खड्डे एकाच जागी येऊन एकमेकांना खोल करतात.

आता तीच जोडी चौदाव्या लेयरवर टाका. सिग्नल नळीचा जवळजवळ पूर्ण प्रवास करतो आणि खाली फक्त ०.३ मिमी उरतं. खड्डा गेला ११८ गिगाहर्ट्झवर. बाराव्या लेयरवर स्टब ०.६ मिमीच्या आसपास, खड्डा ५९ वर. मी स्वतः खड्डा नायक्विस्टच्या किमान तिप्पट दूर ठेवतो, चॅनेल लांब आणि लॉसने आधीच कोंडलेला असेल तर पाचपट. बाराव्या लेयरवरही साडेचारपट मिळते. ट्रान्समिट जोड्या चौदाव्यावर आणि रिसीव्ह बाराव्यावर ठेवल्यात तर दोन्हींमधला क्रॉसटॉकही (एकाचा सिग्नल दुसऱ्यात शिरणं) आपोआप आवरतो. वरचे तीन-पाच नंबरचे लेयर संथ सिग्नलना द्या, त्यांना स्टबचं काही वाटत नाही.

बॅकड्रिलचे पैसे देण्याआधी लेयरची वाटणी तपासा, हे मी प्रत्येक रिव्ह्यूमध्ये पहिल्या दहा मिनिटांत म्हणतो. बहुतेकजण वेगवान जोड्या टॉपच्या जवळ ठेवतात, कारण वाटतं व्हाया आखूड तर सिग्नल बरा. प्रवास आखूड होतो हे खरं, पण उरलेली शेपटी लांब होते, आणि त्रास शेपटीचा असतो.

लेयर बदलण्याची किंमत मात्र आहे, ती लपवून ठेवत नाही. सिग्नल बोर्डाच्या आरपार उभा उतरतो तेव्हा बीजीएच्या (तळाला सोल्डरचे बॉल असलेल्या चिपच्या) पिनांच्या गर्दीत शेजारच्या व्हायाशी त्याची सोबत लांबते आणि उभा क्रॉसटॉक वाढतो. त्यावर इलाज म्हणजे प्रत्येक जोडीलगत ग्राउंडचे व्हाया. एफपीजीएच्या पिनआउटमध्ये ट्रान्सीव्हरच्या जोड्यांभोवती ग्राउंडचे बॉल बऱ्याचदा असतातच, त्यांना आळस न करता प्रत्येकी स्वतंत्र व्हाया द्या. आणि जोडीच्या दोन्ही व्हायांसाठी प्लेनमध्ये एकच लांबट अँटीपॅड (तांबं नसलेली मोकळी जागा) काढा, गोल-गोल दोन नकोत. त्याने नळीचा इम्पिडन्स बराच ताळ्यावर येतो.

दुसरी गोष्ट, 'वापरात नसलेली पॅड काढा' या बटणाची. कायकॅडमध्ये ते आहे, अल्टियममध्ये आहे, बाकी टूलमध्येही कुठल्या ना कुठल्या नावाने आहे. त्याचा अर्थ असा की ज्या आतल्या लेयरवर व्हायाला ट्रेस किंवा प्लेन जोडलेलं नाही, तिथली तांब्याची चकती काढून टाकायची. हे जरूर करा. चकत्या गेल्या की कपॅसिटन्स कमी होतो, आणि भोकांच्या मधली जागा ट्रेससाठी मोकळी होते. पण नळी तशीच राहते. स्टबची लांबी केसभरही कमी होत नाही, फक्त त्याच्यावरचं ओझं हलकं होऊन खड्डा थोडा वर सरकतो. वापरात नसलेली पॅड आणि वापरात नसलेली नळी, या दोन गोष्टींची नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते. काही बोर्ड बनवणारे या चकत्या त्यांच्या कॅममध्ये (उत्पादनासाठी फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतःहून काढतात, काही ठेवतात. तुमचं सिम्युलेशन ज्या गृहीतावर आहे तेच ड्रॉइंगच्या नोटमध्ये लिहा.

ट्रेस दुसऱ्या वाटेने नेल्यावर जुन्या वाटेवर लटकत राहिलेले व्हाया ही आणखी वेगळी जात. त्यांना टूलचा डीआरसी (डिझाइनच्या नियमांची तपासणी) पकडतो, ते पुसून टाकायचे. वेगवान ट्रेसवर 'असू दे, मोजायला बरा पडेल' म्हणून ठेवलेला टेस्ट पॉइंटही त्यांच्यातच धरा.

बॅकड्रिल कधी लागतंच? कनेक्टर खालच्या बाजूला असेल, किंवा एकाच नेटवर (एकाच विद्युत जोडणीवर) टॉप आणि बॉटम दोन्हीकडे भाग असतील, किंवा लेन इतक्या असतील की खालचे लेयर पुरतच नाहीत, तेव्हा. बॅकप्लेनमध्ये (ज्यात बाकीचे बोर्ड खोचतात त्या बोर्डात) तर हमखास. तिथे प्रेस-फिट कनेक्टर असतात. पिन भोकात दाबून बसते आणि तिला धरून ठेवायला ठरावीक खोलीपर्यंत नळी शाबूत लागते. कनेक्टरच्या ड्रॉइंगमध्ये तो आकडा दिलेला असतो. त्याच्या वर ड्रिल गेलं तर पिन सैल बसते, आणि हे बोर्ड रॅकमध्ये चढल्यावरच कळतं.

बॅकड्रिल म्हणजे प्लेटिंग झाल्यावर तळाच्या बाजूने जरा जाड ड्रिल मारून नळीचा निरुपयोगी भाग खरवडून काढणं. जाडी साधारण मूळ ड्रिलपेक्षा ०.२ मिमीने जास्त. ०.२५ चं भोक असेल तर ०.४५ चं ड्रिल. या ०.४५ च्या भोवती, ड्रिल जिथून जातं त्या प्रत्येक लेयरवर, तांबं किमान ०.२ मिमी लांब ठेवावं लागतं, कारण ड्रिल थोडं भटकतं. १ मिमी पिचच्या बीजीएत याचा हिशोब करून बघा. दोन बॅकड्रिलच्या मध्ये उरतात ०.५५ मिमी. दोन्ही बाजूंचे ०.२ काढा, उरले ०.१५. म्हणजे ०.१ मिमीचा एक ट्रेस कसाबसा जाईल, जोडी जाणार नाही. बॅकड्रिल नसताना, वापरात नसलेली पॅड काढलेली असताना, त्याच दोन भोकांच्या मध्ये ०.३५ मिमी मिळत होते आणि जोडी आरामात जात होती. म्हणून 'शेवटी बॅकड्रिल टाकू' असं चालत नाही. खालच्या लेयरचं राउटिंग त्यावर आधीच अवलंबून असतं.

खोलीची गोष्ट सगळ्यात नाजूक. दाबून तयार झालेल्या बोर्डाची जाडी साधारण दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते. २.४ मिमीच्या बोर्डात ते ०.२४ मिमी झाले, म्हणजे एखाद्या लेयरपेक्षाही जास्त. ड्रिलचं टोकही सपाट नसतं, शंकूसारखं असतं. त्यामुळे 'इतके मिमी खोल मारा' असं कधीच सांगू नका. लेयरच्या भाषेत सांगा: कुठल्या बाजूने सुरू करायचं, कुठला लेयर कापला गेलाच पाहिजे, कुठल्या लेयरला ड्रिल लागता कामा नये, आणि जास्तीत जास्त किती स्टब उरला तर चालेल. या चार गोष्टींचा तक्ता ड्रॉइंगवर असला की बोर्ड बनवणारा प्रत्यक्ष पॅनेल मोजून खोली स्वतः ठरवतो. हे काम त्याचं आहे आणि तो ते आपल्यापेक्षा चांगलं करतो.

उरलेला स्टब शून्य मागू नका. ०.२५ मिमीचा स्टब १४० गिगाहर्ट्झच्या आसपास खड्डा करतो, तुमच्या लेनला त्याचं काहीही सोयरसुतक नाही. ०.०५ मागितलंत तर ड्रिल सिग्नलच्या लेयरला शिवण्याची भीती वाढते, आणि तिथला जोड अर्धवट कापला गेला तर बोर्ड टेबलावर पास होऊन गरम झाल्यावर तुटतो. ११२ गिगाबिट पॅम-४ च्या (एका वेळी दोन बिट पाठवणाऱ्या) लेनला, जिथे नायक्विस्ट २६.५ गिगाहर्ट्झच्या वर आहे, तिथे घट्ट आकड्याचा आग्रह धरा. २५ ला नको.

ग्राउंड आणि पॉवरच्या व्हायाला बॅकड्रिल लागत नाही. ग्राउंडची नळी प्रत्येक ग्राउंड प्लेनला जोडलेली असते, तिला शेपटी म्हणतच नाहीत. एकदा रिव्ह्यूला आलेल्या बोर्डात टूलने सरसकट नियम लावून बीजीएखालचे सगळे व्हाया बॅकड्रिलच्या यादीत घेतले होते, शेकडो भोकं. नियम नेटच्या गटावर लावा, बोर्डावर नाही. अल्टियममध्ये लेयर स्टॅक मॅनेजरच्या बॅक ड्रिल्स टॅबमध्ये लेयरची जोडी ठरवायची आणि हाय स्पीडच्या नियमांतल्या कमाल व्हाया स्टब लांबीच्या नियमात फक्त तुमचा नेट क्लास घालायचा. ॲलेग्रोत नेटवर बॅकड्रिलची प्रॉपर्टी देऊन मग विश्लेषण चालवतात. दोन्हीकडे टूल तुम्हाला कुठल्या व्हायात किती स्टब उरतो त्याची यादी देतं. ती यादी डोळ्याखालून घाला.

आता एक प्रसंग सांगतो, कारण तक्त्याचा आग्रह मी तिथे शिकलो. २० लेयरचा, ३.२ मिमीचा बोर्ड होता. लिंक १० गिगाबिटला झकास चालायची, २५ ला उठायचीच नाही. दोन आठवडे आम्ही इक्वलायझरच्या सेटिंग फिरवत बसलो. मग टेस्ट कूपन (पॅनेलच्या कडेचा चाचणीचा तुकडा) नेटवर्क ॲनालायझरला लावलं आणि इन्सर्शन लॉसच्या रेषेत १३.५ गिगाहर्ट्झजवळ विहिरीसारखा खड्डा दिसला. २.६ मिमीच्या स्टबचा हिशोब करा, आकडा हाच येतो. पण डिझाइनमध्ये तर बॅकड्रिल होतं! मी बोर्ड उलटा केला आणि भिंगाखाली धरला. बॅकड्रिल झालेलं असेल तर तळाची चकती गेलेली असते आणि जरा मोठं, तपकिरी काठाचं भोक दिसतं, आत काचेचे धागे. इथे प्रत्येक भोकाभोवती सोनेरी कडं जसंच्या तसं होतं. ड्रिल मारलंच नव्हतं.

झालं असं होतं की बॅकड्रिलची वेगळी ड्रिल फाइल झिपमध्ये होती, पण ड्रॉइंगच्या तक्त्यात तिचा उल्लेख नव्हता. बोर्ड बनवणाऱ्यांनी रीतसर शंका विचारली होती. आमच्याकडून घाईत उत्तर गेलं, 'गर्बरप्रमाणे करा.' गर्बरमध्ये (प्रत्येक लेयरच्या चित्राच्या फाइलींमध्ये) तळाची पॅड होती, त्यांनी ठेवली. चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून शंकांच्या उत्तराचा मेल मी स्वतः वाचल्याशिवाय जाऊ देत नाही, आणि शक्य तिथे गर्बरऐवजी ओडीबी++ किंवा आयपीसी-२५८१ पाठवतो, कारण त्यात बॅकड्रिलची माहिती व्हायाबरोबरच जाते, वेगळ्या फाइलमध्ये हरवत नाही.

बॅकड्रिल घेतलंत तर आणखी दोन गोष्टी सांभाळा. ज्या बाजूने ड्रिल आलं त्या बाजूला पॅड उरत नाही, म्हणून तिथे टेस्ट पॉइंट धरू नका. आणि ते भोक सोल्डरमास्कने नुसतं झाकू नका. आत रसायन अडकतं, रिफ्लोच्या (भट्टीत सोल्डर वितळवण्याच्या) उष्णतेत ते उसळतं. उघडं ठेवा किंवा रेझिनने भरून घ्या. एकाच बीजीएखाली काही पॅडमध्ये भरलेले व्हाया, काही साधे, काही बॅकड्रिल केलेले अशी मिसळ असेल तर असेंब्लीवाल्यांशी आधी बोला. वेगवेगळी भोकं गरम होताना वेगवेगळी फुगतात आणि दुसऱ्या रिफ्लोत काही बॉल सुटू शकतात.

ब्लाइंड व्हाया आणि मायक्रोव्हाया, म्हणजे बोर्डाच्या आरपार न जाणारे व्हाया, यांबद्दलही विचारणा होतीच. स्टब उरतच नाही हे खरं. पण त्यासाठी बोर्ड टप्प्याटप्प्याने दाबावा लागतो, प्रत्येक जादा टप्प्याला खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. ०.५ मिमी पिचच्या चिपमुळे तुम्ही तसेही एचडीआयवर (अशा बारीक व्हायांच्या दाट बोर्डावर) जाणार असाल तर वेगवान जोड्यांना त्याचा फायदा जरूर द्या. केवळ स्टबसाठी जाऊ नका. गेलात तर मायक्रोव्हाया एकावर एक रचण्याऐवजी पायऱ्यांसारखे सरकवून ठेवा. रचलेल्या मायक्रोव्हायाचे तळाचे जोड रिफ्लोत सुटतात याबद्दल आयपीसीने (या उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) २०१९ मध्ये उघड इशारा दिला होता.

साध्या १.६ मिमीच्या बोर्डवाल्यांसाठीही एक वाक्य, कारण हे वाचून कुणी घाबरेल. एफआर-४ वर (नेहमीच्या काच-इपॉक्सी मटेरियलवर) १.४ मिमीचा स्टब २३ गिगाहर्ट्झच्या आसपास खड्डा करतो. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची नायक्विस्ट ४ गिगाहर्ट्झ, यूएसबीच्या ५ गिगाबिटची २.५, डीडीआर४-३२०० ची १.६. यातल्या कशालाही बॅकड्रिल लागत नाही. चौथ्या पिढीला, ८ गिगाहर्ट्झवर, तिप्पटीची रेघ जेमतेम गाठली जात नाही, तिथे लेयर नीट निवडा. पाचव्या पिढीला १६ गिगाहर्ट्झवर हिशोब केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

तुमच्या बोर्डाचं मी असं करीन. ट्रान्समिटच्या ८ जोड्या चौदाव्यावर, रिसीव्हच्या ८ बाराव्यावर, आतल्या रिकाम्या लेयरवरची पॅड काढलेली, प्रत्येक जोडीलगत दोन ग्राउंड व्हाया, लांबट अँटीपॅड. एका व्हाया-जोडीचं थ्री-डी सिम्युलेशन ४० गिगाहर्ट्झपर्यंत चालवा, रेषा कुठे खचत नाही हे बघा. मग बॅकड्रिलशिवाय नवं कोटेशन मागवा. आणि पॅनेलच्या कडेला तीच व्हाया-जोडी असलेली दोन कूपनं टाका, एक बाराव्या लेयरचं आणि एक मुद्दाम तिसऱ्या लेयरचं. पहिली खेप आली की दोन्ही ॲनालायझरला लावा. तिसऱ्याचा खड्डा १६-१७ गिगाहर्ट्झला दिसला तर मटेरियलचा धरलेला ४.५ बरोबर होता. तो १५ ला दिसला तर पुढच्या बोर्डाच्या हिशोबात ५.७ धरा.